कार्यक्रमासाठी मोठ्या शहरात जाताना हॉटेल कसं निवडता? अनुभव सांगा

'स्थळापासून १.२ किमी' असं वाचून मी एकदा हॉटेल घेतलं. आकडा खोटा नव्हता, फक्त सरळ रेषेतला होता. मधे रेल्वेचे सात-आठ रूळ, आणि ते ओलांडायचा पूल पार पलीकडच्या टोकाला. जाताना टॅक्सीनं गेले म्हणून काही जाणवलं नाही. रात्री सव्वाअकराला कॉन्सर्ट सुटली तेव्हा टॅक्सी मिळेना, फोन सहा टक्क्यांवर आलेला, पायात नव्या चपला. शेवटी चपला हातात घेऊन पूल चढले. वरून हॉटेलचा बोर्ड लखलखताना दिसत होता, पण तिथवर पोचायला आणखी पंचवीस मिनिटं लागली.

हॉटेलांबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक सुट्टीवर गेलेल्यांनी लिहिलेलं. पोहण्याचा तलाव कसा, खिडकीतून काय दिसतं वगैरे. कार्यक्रमाला जाणारा माणूस रूममध्ये असतो तो झोपण्यापुरता, त्याची दुखणी वेगळी. पुढच्या महिन्यात मला पुन्हा अशाच कारणानं जायचंय आणि या वेळी आई बरोबर आहे. तिचा उजवा गुडघा गेलाय. म्हणून हा धागा. कॉन्सर्ट, सामना, परिषद, प्रदर्शन, मॅरेथॉन, परीक्षा, काहीही चालेल. सल्ले नंतर द्या, आधी तुमचं काय झालं ते लिहा.

*

मी धावणाऱ्यांपैकी. आमच्यातल्या नवख्याला पहिला प्रश्न पडतो तो हा, की शर्यत सुरू होते तिथे राहायचं की संपते तिथे? कारण ही दोन्ही ठिकाणं बऱ्याचदा शहराच्या दोन टोकांना असतात. लंडन मॅरेथॉन ग्रिनिच-ब्लॅकहीथच्या बाजूला सुरू होते आणि बकिंगहॅम राजवाड्यासमोर 'द मॉल'वर संपते. न्यूयॉर्कची स्टेटन आयलंडवरून निघते आणि सेंट्रल पार्कात थांबते. बोस्टनची तर हॉपकिंटन नावाच्या वेगळ्याच गावातून निघते.

मी डोळे मिटून शेवटाजवळचं घेतो. पहाटे चार वाजता अंगात दम असतो, बसनं न्या नाहीतर बोटीनं न्या. ४२ किलोमीटरनंतर मेट्रोचा जिना मात्र नको. (चढणं परवडतं, उतरताना मांड्या जीव घेतात. धावलेल्यांना कळेल.)

हे शहाणपण आलं तरी एक फजिती व्हायची राहिली होती, तीही झाली. हॉटेल शेवटाच्या रेषेपासून पाचशे मीटरवर, सगळं मनासारखं. फक्त चेक-आउट अकराला होतं आणि मी रेषा ओलांडली एक वाजून दहा मिनिटांनी. बॅग रिसेप्शनला सांभाळून ठेवलेली होती, पण अंघोळ कुठे करणार? लॉबीतल्या बाथरूमच्या बेसिनवर रुमाल ओला करून अंग पुसत होतो, गालांवर मिठाचे पांढरे ओघळ, गळ्यात मेडल. शेजारी सूट घातलेला एक जण हात धूत होता. त्यानं न बोलता टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला. तेव्हापासून एक रात्र जास्तीची घेतो, नाहीतर बुकिंग करतानाच लेट चेक-आउट ईमेलवर कबूल करून घेतो. फोनवर मिळालेलं 'हो हो, करू काहीतरी' मी धरत नाही. त्या दिवशी ड्यूटीवर दुसराच कुणी असतो.

*

छोटी भर. शर्यतीच्या दिवशी रस्ते बंद असतात हे धावणाऱ्यांना माहीत असतं, बघायला येणाऱ्या घरच्यांना नसतं. आमची टॅक्सी मार्गाच्या अलीकडे थांबली, हॉटेल पलीकडे. धावणाऱ्यांचा लोंढा ओसरेपर्यंत दोन तास बॅगांवर बसून अनोळखी लोकांना टाळ्या वाजवल्या.

*

माझं पुस्तकांच्या धंद्यातलं. ऑक्टोबरात फ्रँकफर्टचा पुस्तक मेळा असतो आणि त्या आठवड्यात शहरातल्या हॉटेलांचे भाव बघायची सोय नसते. आम्ही दोघं-तिघं माइन्झला राहतो. तिथून लोकल गाडीनं पाऊण तासाच्या आत मुख्य स्टेशन, तिथे गाडी बदलली की पुढचंच स्टेशन म्हणजे मेळ्याचं. शहरात राहून ट्रॅममध्ये उभ्यानं लोंबकळण्यापेक्षा मला हे बरं वाटतं. जाताना बसायला जागा मिळते, येताना दिवसभराच्या भेटींची टिपणं गाडीतच लिहून होतात.

भावाबद्दल माझा अनुभव असा. मोठ्या प्रदर्शनांना आयोजक आणि कंपन्या महिनोन् महिने आधी खोल्या घाऊक अडवून ठेवतात. न लागलेल्या खोल्या ठरलेल्या तारखेला परत सुटतात, तेव्हा भाव कधीकधी खाली येतो. म्हणून मी तारखा जाहीर झाल्या की फुकट रद्द करता येणारं काहीही घेऊन ठेवतो आणि कार्यक्रमाला तीन-चार आठवडे राहिले की पुन्हा चाळतो. चांगलं मिळालं तर जुनं रद्द.

यात एकदा हात पोळलाय. रद्द करायची मुदत होती 'दोन दिवस आधी, संध्याकाळी ६'. मी साडेपाचला निवांत बटण दाबलं. पण सहा वाजायचे ते हॉटेलच्या गावात, आणि ते गाव आमच्या घड्याळाच्या पुढे होतं. तिथे सहा कधीच वाजून गेले होते. एका रात्रीचं भाडं गेलं. चूक सर्वस्वी माझी, भांडायलाही जागा नाही.

*

मी तिकिटाच्या आधी शेवटच्या गाडीची वेळ बघते. टोकियोसारख्या अवाढव्य शहरातही गाड्या मध्यरात्रीनंतर थांबतात त्या थेट पहाटे पाचच्या सुमाराला सुरू होतात. लंडनची मेट्रो रात्रभर चालते ती फक्त शुक्रवार-शनिवारी, आणि तीही मोजक्याच मार्गांवर. न्यूयॉर्कची चोवीस तास. बऱ्याच ठिकाणी रविवारचं वेळापत्रकच निराळं असतं, आणि मी एकदा नेमकी रविवारी गेले होते. शेवटची गाडी ११:५२ ची. ज्या गाण्यासाठी तिकीट काढलं होतं ते गायकानं शेवटी राखून ठेवलेलं. त्याची सुरुवात मी ऐकली ती जिन्यात, पाठीमागून, पर्स छातीशी धरून धावताना.

दुसरी गोष्ट गर्दीची. लंडनच्या वेम्बली स्टेडियममधून ९०,००० माणसं एकदम बाहेर पडतात. वेम्बली पार्क स्टेशनकडे जाणारी गर्दी थोडी सोडतात, पुन्हा अडवतात, पुन्हा सोडतात. पाय उचलायचा की नाही हेसुद्धा आपल्या हातात राहत नाही. हे एकदा भोगल्यावर मी असं हॉटेल शोधते जे स्टेडियमच्या त्या बाजूला असेल जिकडे शहर नाही. सगळे शहराकडे चाललेले असतात, मी उलट दिशेला. वीस मिनिटं चालावं लागलं तरी हरकत नाही, थांबावं लागत नाही. फक्त तो रस्ता रात्री कसा असतो ते आधी बघायचं. मी हॉटेललाच विचारते, 'तुमच्याकडच्या बायका रात्री बाराला ड्यूटी संपवून या रस्त्यानं चालत जातात का?' याचं उत्तर सहसा खरं मिळतं.

*

माझं मत थोडं उलट आहे. परिषद असेल तर पैसे जास्त गेले तरी जिथे परिषद तिथेच राहावं. आयोजकांनी ठरवलेल्या दराला मुदत असते, ती टळली की खिसा कापला जातो, तेवढं सांभाळा. माझं सादरीकरण सुरू व्हायला दहा मिनिटं असताना लक्षात आलं की प्रोजेक्टरला जोडायचा अ‍ॅडॉप्टर रूममध्येच राहिलाय. लिफ्टनं चौदावा मजला, परत खाली, सहा मिनिटं. वर लिहिणाऱ्या माइन्झवाल्या दादांचं काय झालं असतं?

*

(माइन्झवाला: दोन अ‍ॅडॉप्टर बाळगतो.)

*

विमान उशिरा पोचणार असेल तर हॉटेलला कळवा, कृपा करून कळवा. सामन्याच्या आदल्या रात्री दीड वाजता पोचलो तर आमची रूम दुसऱ्याला देऊन टाकलेली. काही जण येत नाहीत हे धरून हॉटेलं थोडं जास्त बुकिंग घेतात, आणि त्या रात्री सगळेच आले. आम्ही शेवटचे. त्यांनी स्वखर्चानं दुसरीकडे सोय केली, टॅक्सीही दिली, पण ते ठिकाण होतं विमानतळाशेजारी, म्हणजे निघालो तिथेच परत! मुलगा टी-शर्टवर आवडत्या खेळाडूचा नंबर घालून टॅक्सीत झोपून गेला.

*

धागा काढणाऱ्या ताईंसाठी खास. वडिलांच्या सत्काराला गेलो होतो, ते काठी घेऊन चालतात. हॉटेलच्या माहितीत 'लिफ्ट आहे' असं होतं आणि लिफ्ट खरंच होती. पण जुनी इमारत. रस्त्यावरून दाराला दोन पायऱ्या, लॉबीतून लिफ्टपर्यंत सहा, आणि लिफ्ट थांबायची दोन मजल्यांच्या मधे, म्हणजे रूमला आणखी पाच. बाथरूमचा उंबरठा वीतभर उंच तो वेगळाच. बाबा काही बोलले नाहीत. सत्काराच्या संध्याकाळी म्हणाले, 'आता परत खाली-वर नको, मी इथूनच तयार होऊन बसतो.' दुपारी तीनला कोट घालून खुर्चीत बसले ते सातपर्यंत. कोटाला चुणी पडेल म्हणून मागे टेकलेही नाहीत.

आता मी 'लिफ्ट आहे का' असं विचारतच नाही. रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या, असं विचारतो.

*

सगळ्यांचे आभार. वरचा पायऱ्यांचा प्रश्न जसाच्या तसा उचलला. तीन हॉटेलांना फोन केले. पहिल्यानं 'काही अडचण येणार नाही मॅडम' म्हणून विषय संपवला. दुसऱ्यानं वेबसाइट बघायला सांगितली. तिसरीकडे आवाजावरून विशीतला वाटणारा एक मुलगा होता. 'एक मिनिट थांबा' म्हणाला आणि रिसीव्हर टेबलावर ठेवून गेला. मला लॉबीतलं संगीत ऐकू येत होतं, कुणाच्या तरी बॅगेची चाकं गेली, घंटी वाजली. चांगली चार मिनिटं झाली असतील. आला तेव्हा थोडा दमलेला होता.

'तीन. तिन्ही बाहेरच्या दाराशीच आहेत. वर चढताना कठडा डाव्या हाताला येतो, चालेल ना?'

तिथेच बुक केलंय. सभागृहापासून दोन किलोमीटर लांब आहे.