मदत हवी आहे: कोंबड्यांच्या रिकाम्या शेडात आरसी गाड्यांचा मातीचा ट्रॅक करतोय, माती जमेना

राम राम मंडळी.

विषय जरा वेगळा आहे, पण इथं शेतकरी, सिव्हिलवाले, क्रिकेटच्या पिचवर पाणी मारून हात भाजलेले, सगळेच येतात म्हणून विचारतोय.

माझं तासगावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. चार वर्षांपासून रिमोटवरच्या गाड्यांचा नाद लागलाय. जत्रेत मिळतात त्या नव्हेत. एक दशांश मापाची बग्गी, ब्रशलेस मोटर, लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, तेल भरलेले शॉकअप. पुढचं चाक धरणारा एक आर्म मोडला की महिनाभर पार्टची वाट बघायची, असला हा प्रकार. तासगाव, मिरज, विटा मिळून आम्ही आठ-नऊ जण आहोत. आजवर दाजींच्या पडीक रानात ट्रॅक आखून पळवत होतो. गेल्या जूनमध्ये एका रात्रीत पाऊस असा पडला की चार महिन्यांचे उंचवटे, वळणं, सगळं ओढ्याला गेलं. सकाळी बघायला गेलो तर जिथं मोठी जंप होती तिथं म्हैस बसलेली.

दाजी म्हणाले, "ते शेड रिकामंच पडलंय, घ्या. पण उद्या परत पक्षी टाकायचे झाले तर जमीन होती तशी करून द्यायची." म्हणजे काँक्रीट नाही, आणि जमीन खराब होईल असलं काही ओतायचं नाही.

शेड ३० फूट बाय १२० फूट, पूर्व-पश्चिम. दोन्ही लांब बाजूंना दोन फुटी भिंत, वर जाळी आणि पडदे. मधे खांब नाही. पत्रा कडेला ८ फुटांवर, मधे १२. उन्हाळ्यासाठी बसवलेली फॉगरची (पाण्याचे बारीक तुषार सोडणारी) लाईन अजून चालू आहे. ट्रॅक शेडाच्या लांबीनं जात-येत ३ लेन करायच्या, प्रत्येकी साधारण १० फुटांच्या, असा विचार आहे. लेन वेगळ्या करायला ४ इंची काळा पाईप मिळालाय. पावसाचा प्रश्न मिटला. आता प्रश्न मातीचा.

शेडातली मूळची जमीन मुरमाड. तूस आणि खत खरवडून काढलं, पण वर चार गाड्या पळाल्या की असा धुरळा उठतो की आपली गाडी कुठली ते समजत नाही. वासही आहेच. माझी काळजी वेगळी आहे: असल्या धुळीनं आणि ओलाव्यानं तांब्याचं काय होतं ते मी दुकानात रोज बघतो. पोल्ट्रीतल्या पंख्यांच्या मोटरी उघडल्या की हिरव्यागार निघतात.

मग रानातली काळी माती टाकून बघितली. ओली असताना चाकाला लाडूसारखी वळली. वाळल्यावर बोट जाईल एवढ्या भेगा. आर्म मोडला तो त्याच भेगेत.

तिसऱ्यांदा डोकं चालवलं आणि तालमीतल्या वस्तादांकडे गेलो. म्हटलं, पिढ्यानपिढ्या मातीत घालवलेली माणसं, यांना नाही कळणार तर कुणाला? त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसायलाच लागले. "अरे, आम्ही हौद्यात ताक, हळद, तेल, लिंबू घालतो आणि रोज खोदतो, ते माती भुसभुशीत राहावी म्हणून. पडणाऱ्याला लागू नये. तुला तर पडणाऱ्याला लागेल अशी माती पाहिजे!" बरोबरच होतं. तरी एक ट्रॉली तांबडी माती आणलीच होती, ती आता वहिनींच्या गुलाबाला.

तर विचारायचं असं: न उडणारी, न भेगाळणारी, पाणी मारलं की चिखल न होणारी माती आपल्या भागात कशी बनवायची? परदेशात ट्रॅकच्या मातीत साखरेचं पाणी घालतात असं वाचलं. दोन ट्रॉल्या माती पुरेल का? आणि चालवणारे उभे राहतात तो माळा आत करू की बाहेर?

प्रतिसाद १

दोन ट्रॉल्या? ३० गुणिले १२० म्हणजे ३६०० चौरस फूट. ६ इंच थर दिला तर १८०० घनफूट, म्हणजे १८ ब्रास झाले राव. उंचवटे वेगळेच. थर ३ इंचांवर आणा, खाली मूळचा मुरूम रोलर फिरवून घट्ट करून घ्या, म्हणजे ९ ब्रासमध्ये भागेल. उंचवट्यांच्या पोटात दगड-मुरूम भरा, चांगली माती फक्त वरून. आणि माती-मुरूम कुठूनही उचलू नका, गौण खनिजात येतं. पावती असलेलीच ट्रॉली घ्या, नाहीतर ट्रॅकपेक्षा दंड महाग पडायचा.

प्रतिसाद २

साखरेचं पाणी घाला आणि मुंगळ्यांची शर्यत लावा. तिकीट काढून येतो.

प्रतिसाद ३

चेष्टा बाजूला ठेवू. साखर किंवा मळी (मोलॅसिस) घालतात ती माती बांधून राहावी आणि टायरला पकड मिळावी म्हणून. अमेरिकेत बंदिस्त शेडातले ट्रॅक चिकणमातीचे असतात, ती दाबून इतकी गुळगुळीत होते की तिथं बिननक्षीचे टायर चालतात. पण मळीच्या नादाला लागू नका. कारखान्याची मळी उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याशिवाय हलत नाही. काकवी घालायची तर खिसा बघा.

दुसरा उपाय कॅल्शियम क्लोराइड. हवेतला ओलावा ओढून धरतं, कच्च्या रस्त्यांची धूळ बसवायला वापरतात. पण ते मीठच. स्क्रू, बेअरिंग, अ‍ॅल्युमिनियम सगळं खातं, आणि जमिनीत मुरलं की दाजी तुम्हाला खातील.

एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. ३ लेन होणारच नाहीत. कागदावर कसलाही बंद वळसा काढा आणि शेडाच्या रुंदीत कुठंही आडवी रेघ मारा. गाडी जेवढ्या वेळा पलीकडे जाते तेवढ्याच वेळा परत येते, म्हणजे रेघ सम वेळाच कापली जाणार. २ किंवा ४. तीन लेन केल्या तर तिसरीत गेलेली गाडी तिकडंच राहील. ४ करायच्या तर पाईपांची जाडी जाऊन प्रत्येकी ७ फूट मिळतात. बग्गी २५ सेंटीमीटर रुंद, दोन गाड्या शेजारून जातील, पण चुकीला जागा नाही. त्यापेक्षा एका भिंतीच्या कडेनं १० फुटी सरळ पट्टा घ्या आणि उरलेल्या १९-२० फुटांत आडवे वळसे घेत परत या.

धागाकर्ता

तीन लेनचं वाचून अर्धा तास कागदावर रेघोट्या मारल्या. खरंच होत नाही हो! आठ जणांनी मिळून नकाशा काढला होता, एकाच्याही डोक्यात आलं नाही. आणि १८ ब्रास वाचून दाजींना अजून सांगितलेलं नाही.

प्रतिसाद ४

माळा बाहेर करा. आत ४ फूट चढलात तर डोकं पत्र्याला. लांब बाजूच्या मधोमध जाळीचा एक गाळा काढा आणि बाहेरच्या अंगाला माळा बांधा. शाळवाच्या रानात पाखरं राखायला बांधतात तसा, फक्त मजबूत आणि वर स्वतःचं छप्पर. उंची एवढीच ठेवा की उभ्या माणसाची नजर पत्र्याच्या कडेखालून आत जाईल आणि पलीकडचा पाईप दिसेल.

चार्जिंगचं टेबल कुठंय? लिपोचा सेल ४.२ व्होल्टच्या वर गेला किंवा फुगलेला पॅक चार्जिंगला लावला तर पेट घेतो, आणि ती आग पाण्यानं लवकर आटोक्यात येत नाही. शेडाशेजारी कडब्याची गंजी असेल तर आधी टेबल हलवा.

धागाकर्ता

गंजी शेडाला लागूनच आहे. टेबलही तिथंच, सावली म्हणून. आजच हलवतो.

प्रतिसाद ५

मी पलूस भागातला. घरची वीटभट्टी होती, त्यामुळं मातीचं थोडं कळतं.

तुम्ही तीन माती बघितल्या, पण पारखली एकही नाही. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर धुण्याचा सोडा, खळखळून हलवा आणि ठेवून द्या. रेती मिनिटाभरात खाली बसते, पोयटा काही तासांत, चिकण दुसऱ्या दिवशीसुद्धा बसत असते. थर मोजा. तुमच्या काळीत चिकण जास्त असणार, आणि तीही फुगणारी. पाणी पिऊन फुगते, वाळली की आक्रसते, म्हणून भेगा. मुरमात रेती जास्त, बांधायला काही नाही, म्हणून धुरळा. दोन्ही आपापल्या जागी निरुपयोगी, मिसळल्या तर कामाच्या. मुरूम वाळूच्या चाळणीनं चाळून घ्या. एक पाटी काळी, दोन पाट्या मुरूम असा एक तुकडा. निम्मं-निम्मं असा दुसरा. दोन काळी, एक मुरूम असा तिसरा. १० बाय १० चे तीन तुकडे करा आणि आठवडाभर त्यावर गाड्या पळवा. सगळं शेड भरायची घाई नको. रस्त्याच्या कामात काळीत चुना मिसळतात, त्यानं फुगणं कमी होतं, पण तुमच्या दाजींची अट बघता शेवटचा उपाय म्हणून ठेवा.

आता खरी गोष्ट. तुम्ही प्रत्येक वेळी माती टाकली आणि वरून पाणी मारलं, होय ना? उलट करायचं. माती आधी भिजवा, रात्रभर मुरू द्या, सकाळी मूठ वळून बघा. मूठ उघडल्यावर गोळा राहिला पाहिजे, कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर फुटला पाहिजे. पसरला तर पाणी जास्त, मुठीतच विस्कटला तर कमी. तसली माती दोन-दोन इंचांनी पसरायची आणि प्रत्येक थर ठोकायचा. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर विचारा खळं कसं करायचे. बाकी काही शोधायची गरज नाही.

प्रतिसाद ६

+१. खळं! शाळूची मळणी ज्यावर बैल फिरले ती जमीन बग्गीच्या चाकाला काय भिणार?

एक मात्र सांगतो, शेतीपंपाच्या कनेक्शनवरून शेडात दिवे लावू नका. वेगळं मीटर घ्या.

धागाकर्ता

धागा वर काढतोय, दहा दिवस झाले.

बरणीत काळीचं पाणी दोन दिवस गढूळच होतं. मुरूम पाच मिनिटांत खाली.

खळ्याचं दाजींच्या वडिलांना विचारलं. आधी म्हणाले, मळणी यंत्र आल्यापासून कोण खळं करतंय. मग स्वतःच उठले. पाणी मारायचं, वर भुसा टाकायचा म्हणजे माती बैलाच्या खुराला चिकटत नाही, मग बैल फिरवायचे, वाळत आलं की चोपण्यानं चोपायचं आणि शेणानं सारवायचं. बारीक भेग दिसली की त्याच दिवशी शेणकाला. "वाट बघायची न्हाई, भेग रातीत वाढती." गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावलेलं धुम्मस (माती ठोकायचं जड ठोकणं) त्यांनी काढून दिलं. आम्ही इतकी वर्षं त्याला ठेचकाळत होतो.

तीन तुकडे केले. मुरूम जास्त असलेला तुकडा तिसऱ्या दिवशी उखडला, काळी जास्त असलेला चिरला. निम्मं-निम्मं टिकलंय. त्यावर एकाच बग्गीच्या सलग चार बॅटऱ्या संपवल्या, ब्रेक मारतो त्या वळणात थोडी माती सुटली, बाकी काही नाही. मोटर उघडली, आत पिठासारखी बारीक धूळ होती, पण पूर्वीच्या चौथाईसुद्धा नाही. फॉगर संध्याकाळी दहा मिनिटं सोडला तर वरचा थर ओलसर राहतो. चिखल होत नाही. पडदे मात्र दुपारी पाडावे लागतात, नाहीतर वारं सगळं सुकवतं.

सारवण अजून केलेलं नाही, आणि अडलंय तिथंच. शेणानं सारवलेल्यावर टायर घसरेल का? आमच्यातले निम्मे म्हणतात बर्फासारखं होईल, निम्मे म्हणतात पकड वाढेल. कुणी सारवलेल्या अंगणात गाडी पळवली असेल तर सांगा, आर्म आता एकच शिल्लक आहे.

दाजींना ९ ब्रासचं सांगितलं. म्हणाले, "पाच काळी माझ्याच रानातली घ्या, पण ट्रॉलीचं डिझेल तुमचं."