क्रोन्स आणि पाठीचा संधिवात एकत्र असताना पथ्य कोणते पाळावे, आणि नाशिकमध्ये रुग्णांचा गट करता येईल का?

सातपूरकर

नमस्कार. मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतो. काही वर्षांपूर्वी मला लहान आतड्याच्या शेवटच्या भागात क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणि व्रण आणणारा आजार) असल्याचे निदान झाले. त्याआधी आतड्याच्या क्षयरोगाचे उपचार चालू होते, कारण पोटदुखी, ताप, घटणारे वजन आणि स्कोपीत (दुर्बिणीच्या तपासणीत) दिसणारे व्रण या दोन्ही आजारांत फारच सारखे असतात. सध्या अ‍ॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध चालू आहे आणि पोट बऱ्यापैकी शांत आहे. गेल्या हिवाळ्यापासून मात्र कंबरेखाली दुखून पहाटे जाग येते, उठल्यावर बराच वेळ पाठ ताठ राहते आणि हालचाल सुरू झाली की सैल होते. एमआरआयमध्ये एसआय जॉइंटला (कण्याचा खालचा भाग आणि कटीचे हाड जोडणाऱ्या सांध्याला) सूज दिसली असून हा संधिवात आतड्याच्या आजाराशी संबंधित आहे, असे डॉक्टरांनी सांगितले.

माझा पहिला प्रश्न पथ्याचा आहे. पोटाच्या आजारासाठी सल्ला देणारे मला दहीभात आणि उकडलेला बटाटा खायला सांगतात, तर संधिवाताचे पथ्य सांगणारे नातेवाईक नेमके हेच दोन पदार्थ आंबट आणि वातूळ म्हणून बंद करायला लावतात. त्यात आता गहू आणि दूध पूर्ण सोडण्याचा आग्रह सुरू झाला आहे. सगळ्यांचे ऐकले तर ताटात मऊ भात आणि मीठ एवढेच उरेल, आणि माझे वजन आधीच कमी आहे.

दुसरा प्रश्न असा की, नाशिकमध्ये या दोन्ही आजारांच्या रुग्णांनी एकत्र यावे असा छोटा गट करता येईल का? पाळीवर असताना वारंवार स्वच्छतागृहात का जावे लागते, हे सुपरवायझरला समजावून सांगण्याचासुद्धा आता कंटाळा आला आहे.

नागलीची भाकरी

आपल्यासारखीच जोडगोळी मी दहा वर्षांहून अधिक काळ सांभाळते आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सर्वप्रथम एक गोष्ट वेगळी काढू या. क्रोन्ससोबत येणारी सांधेदुखी एकाच प्रकारची नसते. गुडघा किंवा घोट्यासारखे मोजके मोठे सांधे सुजतात तेव्हा ती सूज बहुधा पोटाच्या तक्रारींबरोबर चढते आणि उतरते. पाठीच्या आणि एसआय जॉइंटच्या संधिवाताचे तसे नाही. पोट पूर्ण शांत असतानाही तो स्वतंत्रपणे चालू राहू शकतो. त्यामुळे पहाटे पाठ दुखली म्हणून आदल्या रात्रीच्या जेवणाला दोषी धरून रोज एकेक पदार्थ वगळत जाण्यात अर्थ नाही. आपल्याकडे वातूळ पदार्थांचा जो विचार आहे तो ज्याने त्याने मानावा, परंतु दह्याने किंवा बटाट्याने एसआय जॉइंटची सूज वाढते असे दाखवणारा पुरावा माझ्या तरी पाहण्यात नाही.

पोटाच्या पथ्यात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा की, आपले आतडे कुठे अरुंद झाले आहे का? तसे असेल तर चोथा, साल आणि बिया अडकून तीव्र पोटदुखी आणि उलट्या होऊ शकतात. अशा वेळी मक्याचे कणीस, पेरूच्या बिया, कच्ची कोशिंबीर, शेपू-मेथीचे दांडे आणि संत्र्याचा चोथा टाळावा लागतो. नाशिकमध्ये राहून द्राक्षे टाळणे अवघड असते. मी साल काढून मोजकीच खाते, आणि घरचे त्यावरून माझी थट्टाही करतात. आतडे अरुंद नसेल आणि आजार शांत असेल, तर मात्र भाज्या, फळे आणि डाळी कायमच्या बंद करण्याचे कारण नाही. उलट शिजवलेला दुधी, दोडका, लाल भोपळा, गाजर, पिकलेले केळे, पपई अशा पदार्थांपासून सुरुवात करून हळूहळू ताट भरत न्यावे.

कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टन नावाची शर्करासाखळी असते. तिच्यामुळे गॅस होतो आणि पोट फुगते, पण त्याचा अर्थ आतड्याची सूज वाढली असा होत नाही. हा फरक कळला की भीती बरीच कमी होते. रविवारच्या मिसळीचा मोह होतोच. मी तर्री बाजूला ठेवून थोडी उसळ पावाबरोबर खाते, आणि फ्लेअर (आजार उसळलेला) असेल तर तेवढीही नाही. गहू सोडायचाच असेल तर आधी गव्हामुळे आतड्याला इजा करणाऱ्या सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी करून घ्यावी, कारण गहू बंद केल्यावर ती तपासणी विश्वासार्ह राहत नाही. दुधाने त्रास होत असेल तर ताक आणि दही बहुतेकांना चालते. नागलीचे सत्त्व किंवा गाळलेली पेज मला फ्लेअरमध्येही सोसते; भाकरी मात्र मी बरे वाटत असतानाच खाते. उपासाला शेंगदाण्याचे कूट घातलेल्या साबुदाण्यापेक्षा वरईचा मऊ भात सोपा जातो, आणि वजन घटत असताना उपास न करणेच मला शहाणपणाचे वाटते.

आजाराचा मुक्काम लहान आतड्याच्या शेवटच्या भागात असेल तर बी-१२ जीवनसत्त्वाकडे लक्ष ठेवावे, कारण त्याचे शोषण तिथेच होते. लोह आणि ड जीवनसत्त्वही वेळोवेळी तपासावे. प्रथिनांसाठी मुगाचे वरण, पनीर, अंडी किंवा मासे यांपैकी जे घरात चालते ते रोज असावे.

निवृत्त औषधविक्रेता

आहाराबद्दल वर उत्तम लिहिले आहे. मी एवढीच भर घालतो की, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात क्रोन्सच्या रुग्णांच्या एका गटाला धान्य आणि साखर वगळणारा कडक आहार, तर दुसऱ्या गटाला भूमध्यसागरी धाटणीचा साधा आहार दिला होता. सहा आठवड्यांनंतर दोन्ही गटांत लक्षणे कमी झालेल्यांचे प्रमाण जवळपास सारखे निघाले. कडक पथ्य म्हणजे अधिक गुण, हे समीकरण त्यावरून तरी सिद्ध होत नाही.

माझी खरी काळजी पथ्यापेक्षा गोळ्यांची आहे. पाठ दुखली की दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन मागून घेणारे ग्राहक मी आयुष्यभर पाहिले. पाठीच्या संधिवातावर एरवी याच गटातली औषधे आधी दिली जातात, परंतु क्रोन्स असताना त्यांनी पोटाचा आजार उसळू शकतो. म्हणून ती पोटाच्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नयेत. तात्पुरत्या दुखण्यासाठी पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित समजले जाते. अ‍ॅझाथायोप्रिन आतड्यासाठी उपयोगी असले तरी मणक्याच्या संधिवातावर त्याचा विशेष उपयोग होत नाही. अ‍ॅडॅलिमुमॅब आणि इन्फ्लिक्सिमॅब ही इंजेक्शने दोन्ही ठिकाणी काम करतात. एटानरसेप्ट सांध्यांना उपयोगी पडते, पण क्रोन्सवर चालत नाही, आणि सेक्युकिनुमॅबने क्रोन्स बळावल्याची उदाहरणे आहेत. म्हणजे संधिवाततज्ज्ञाने चांगल्या हेतूने लिहिलेले औषधसुद्धा पोटाला चुकीचे ठरू शकते. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकाच फाइलमध्ये ठेवून ती फाइल दोघांनाही दाखवावी. अशी इंजेक्शने सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयरोगाची तपासणी करतात. आपण क्षयाची औषधे पूर्वी घेतली आहेत, ती माहिती तारखांसह आवर्जून द्यावी. आणि विडी-सिगारेट असेल तर ती आजच सुटली पाहिजे, कारण धूम्रपानाने क्रोन्स निश्चितपणे बिघडतो.

गोदाकाठ

गटाच्या प्रश्नावर लिहितो. माझ्या पत्नीला क्रोन्स आहे. आम्ही ओळखीच्या चार-पाच कुटुंबांनी अधूनमधून भेटायला सुरुवात केली, त्या अनुभवावरून सांगतो की गट जरूर करावा, परंतु तो कशासाठी आहे हे पहिल्याच भेटीत ठरवावे. औषधाचा डोस सुचवायचा नाही आणि काढे किंवा पावडरी विकायच्या नाहीत, हे दोन नियम आम्ही लेखी ठेवले आहेत. दुसरा नियम मोडणारे सद्गृहस्थ प्रत्येक गटात एक तरी निघतातच.

गटाचा उपयोग अगदी साध्या गोष्टींत होतो. तपासणीसाठी मुंबईला जाताना कसारा घाटातून बसने जाण्यापेक्षा पंचवटी एक्सप्रेस बरी, कारण गाडीत स्वच्छतागृह असते. इंजेक्शन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते आणि ते गोठूही द्यायचे नाही. त्यामुळे प्रवासात बर्फाची पिशवी इंजेक्शनला थेट न टेकवता मध्ये टॉवेल ठेवावा, हे आम्हाला दुसऱ्या एका रुग्णाच्या आईने शिकवले. सिंहस्थाच्या गर्दीत पंचवटीकडे जाणे भाग पडले तर कोणत्या रस्त्यावर सोय आहे, याची माहितीसुद्धा अशाच लोकांकडून मिळते. आणि कंपनीत काय सांगावे, हा आपला प्रश्न तर प्रत्येक नोकरदाराचा आहे. आमच्याकडच्या एकाने डॉक्टरांकडून चार ओळींचे पत्र घेतले; त्यात आजाराचा तपशील फारसा नव्हता, फक्त स्वच्छतागृहाजवळची जागा आणि शक्यतो दिवसपाळी मिळावी एवढेच लिहिले होते. ते सुपरवायझरऐवजी थेट मनुष्यबळ विभागाकडे दिले, आणि काम झाले.

सातपूरकर

सर्वांचे मनापासून आभार. आतडे अरुंद आहे की नाही, हे मी कधी विचारलेच नव्हते. पुढच्या भेटीत जुना सीटी स्कॅन घेऊन जाईन आणि दोन्ही चिठ्ठ्यांची एक फाइल करीन. गोदाकाठ, आपल्या भेटींना नवीन माणूस आलेला चालेल का? आणि भेटता कुठे?

गोदाकाठ

अवश्य या. पाळी नसेल असा रविवार कळवा. आम्ही गंगापूर रोडच्या बाजूला एकाच्या घरी सकाळी उशिरा भेटतो, कारण पहाटेचा ताठरपणा ओसरल्याशिवाय निम्मे लोक घराबाहेर पडू शकत नाहीत. घर तळमजल्यावर आहे आणि स्वच्छतागृहे दोन आहेत. खाण्याचे ज्याने त्याने आपापले आणायचे, म्हणजे कोणालाही आग्रह करण्याचा प्रश्न येत नाही.