प्रति: पॅलडिनने हुकूम मोडला तर?

वर कुणीतरी म्हटलंय की डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं वठवायच्या खेळात पॅलडिनने (शपथ घेतलेल्या धर्मयोद्ध्याने) राजाचा हुकूम मोडला की त्याचं 'लॉफुल गुड' (शिस्तीचा आणि चांगला असणं) तिथेच संपलं. मला नाही पटत. या खेळात १९७४ साली पात्राच्या वृत्तीसाठी लॉ (शिस्त), न्यूट्रॅलिटी (तटस्थपणा) आणि केऑस (स्वैरपणा) एवढंच होतं. चांगलं-वाईट हा दुसरा अक्ष नंतर आला आणि १९७८च्या प्लेअर्स हँडबुक या नियमपुस्तकात दोन्ही अक्ष मिळून नऊ खाने झाले. म्हणजे शिस्त वेगळी, चांगुलपणा वेगळा.

इथे नाशकात, गंगापूर रोडच्या आमच्या ग्रुपात एकाच्या पॅलडिनने जुलमी सरदाराचं कोठार फोडून गावाला धान्य वाटलं. डीएम (खेळ चालवणारा) लगेच म्हणाला, केऑटिक! अहो, पण तो दिलेला शब्द पाळतो, शरण आलेल्याला मारत नाही, वाटलेल्या पोत्यांचा हिशोबसुद्धा लिहून ठेवला पठ्ठ्याने. (मिसळ संपली, वाद नाही.) एका कृतीवरून नाही, सवयीवरून ठरवा.

जुन्या नियमांत अलाइनमेंट (म्हणजे हा वृत्तीचा खाना) ढळली की पॅलडिनच्या शक्ती जायच्या, म्हणून तेव्हा भांडणं रास्त होती. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत सगळं पॅलडिनने घेतलेल्या शपथेवर आहे. खरी डोकेदुखी वेगळीच: 'मी केऑटिक न्यूट्रल' (स्वैर, ना चांगला ना वाईट) म्हणत सोबत्यांचेच खिसे कापणारे. त्यांचं काय करायचं ते बोला.