कापसाच्या बोळ्यांवर विसंबू नका
हळदीच्या डीजेसमोर कानात कापूस घातला की झालं, असा सल्ला एकाने दिलाय. तो कृपया पाळू नका. कापसाने जेमतेम काही डेसिबल उतरतात. फोमचे इअरप्लग घ्या. बोटांनी वळून वातीसारखे बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद दाबून धरा. अर्धा बाहेर लोंबत असेल तर उपयोग नाही.

८५ डेसिबलला दिवसाला जास्तीत जास्त ८ तास, ही कामाच्या ठिकाणची शिफारस. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं! हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं, की ८५ ओलांडले समजा. कानाला बसलेले दडे सकाळी सुटतातही, पण आतल्या केसपेशी (आवाज टिपणाऱ्या नाजूक पेशी) मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल घटतात. फरशी, काचा आणि पत्र्याच्या मंगल कार्यालयात मात्र आवाज घुमत राहतो, शब्द कळत नाहीत, म्हणून ऑपरेटर आणखी चढवतो. त्यापेक्षा दोन मोठ्या स्पीकरऐवजी चार छोटे स्पीकर लावायला सांगा: डोक्यांच्या वर, तोंड खाली झुकवून, फक्त नाचणाऱ्यांकडे. पंगतीकडे एकही नको. श्रवणयंत्र लावलेल्या आजी-आजोबांना या गोंगाटात शब्द वेगळे काढताच येत नाहीत. ते नुसती मान डोलावतात आणि लवकर उठून जातात. मला याचंच सर्वांत वाईट वाटतं.