‘प्रक्षिप्त’ म्हणजे खोटे का?

प्रश्न: जोसेफसच्या ग्रंथातला येशूविषयीचा परिच्छेद ‘प्रक्षिप्त’ आहे, असे वाचले. म्हणजे बनावट समजायचा का?

– नाही. मूळ संहितेत मागाहून शिरलेले ते प्रक्षिप्त. ‘क्षेपक’ही त्याच धातूचा. बनावट म्हटले की फसवायचा हेतू आला. समासातली टीप पुढच्या लेखनिकाने भाबडेपणाने ओळीत घेतली, तरी ती प्रक्षिप्तच. ज्ञानेश्वरीत शिरलेल्या ओव्या काढून एकनाथांनी शके १५०६ मध्ये प्रत शुद्ध केली. त्या ओव्या घालणारे सगळे लबाड होते असे कोण म्हणेल?

आता जोसेफस. हा ज्यू इतिहासकार, ग्रंथ इ.स. ९३-९४ च्या सुमाराचा. १८व्या भागात येशूबद्दल ‘तो ख्रिस्त होता’ (म्हणजे ज्यूंना अपेक्षित असलेला तारणारा) असे सरळ विधान येते. ख्रिस्ती नसलेला माणूस असे कशाला लिहील? त्यात तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ऑरिजेन सांगतो की जोसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता. चौथ्या शतकात चर्चचा इतिहासकार युसेबियस मात्र हाच परिच्छेद त्या वाक्यासकट उद्धृत करतो. त्यामुळे गाभा जोसेफसचा, वरून ख्रिस्ती हात फिरलेला, असे बरेच अभ्यासक मानतात. काहींच्या मते सगळाच क्षेपक. मी स्वतः पहिल्या बाजूचा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे सर. मग बायबलमधल्या चार येशूचरित्रांपैकी योहानाच्या शुभवर्तमानातली व्यभिचारी स्त्रीची गोष्ट? तीही ‘अंशतः’?

– ती पूर्ण प्रक्षिप्त. सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या मोठ्या हस्तलिखितांत नाही, त्याआधीच्या पपायरसवरच्या (लव्हाळ्याच्या कागदावरच्या) प्रतींतही नाही. पण गोष्ट जुन्या परंपरेतली असू शकते. घुसली उशिरा, म्हणजे जन्मली उशिरा असे नव्हे.

– उलट बाजूही सांगतो. पाठ अस्सल ठरला म्हणून घटना घडली असे होत नाही. ‘अस्सल’ संहितेबद्दल बोला, ‘विश्वसनीय’ साक्षीबद्दल. वृत्तपत्रांत दोन्ही सर्रास एकच करून टाकतात. घटनेसाठी कसोट्या वेगळ्या. उदाहरणार्थ येशूचा बाप्तिस्मा: पापक्षमेसाठीचा विधी, तोही दुसऱ्याच्या हातून! अनुयायांना हे अडचणीचेच. शुभवर्तमानकार मत्तय बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला (हा शुभवर्तमानवाला योहान नव्हे) आधी आढेवेढे घ्यायला लावतो. चौथ्या, म्हणजे योहानाच्या, शुभवर्तमानात तर प्रत्यक्ष बाप्तिस्मा सांगितलेलाच नाही. गैरसोयीचे कोणी मुद्दाम रचत नाही, म्हणून ही घटना बहुतेक सगळे खरी धरतात. याला (इंग्रजीत ‘criterion of embarrassment’) ‘अडचणीची कसोटी’ म्हणावे. ‘लज्जेचा निकष’ हे भाषांतर मला भयंकर वाटते.

प्रश्नकर्ता: आणि बायबलमधली, ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाच्या नावावरची, तीमथ्याला लिहिलेली पत्रे?

– पौलाच्या नावावर १३ पत्रे आहेत, त्यांतली सात निर्विवाद. तीमथ्य आणि तीत यांना लिहिलेली तीन नंतर कुणी दुसऱ्याने लिहिली, हे बहुसंख्य अभ्यासकांचे मत. इथे ‘प्रक्षिप्त’ चालणार नाही. घुसायला आधी मूळ संहिता हवी. मी ‘परनामी’ वापरतो. ‘तोतया पत्रे’ झकास वाटते खरे, पण त्यात निकाल आधीच लागून जातो.