३२ इंची ओट्याखाली डिशवॉशर बसेल का?

ओटेकर:
जुन्या फ्लॅटचं स्वयंपाकघर नव्याने करतोय. ओटा जमिनीपासून ३२ इंच, ग्रॅनाइटखाली कडप्पा. सिंकच्या डावीकडच्या दोन ट्रॉल्या काढून तिथे डिशवॉशर ठेवायचा आहे. मजला सगळ्यात वरचा, टाकी डोक्यावर गच्चीत. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. सुतार म्हणतो बसेल. दुकानदार तर म्हणणारच. तोडफोडीआधी काय काय बघू?

पाणसळ:
नाही बसणार. ६० सेंमी रुंदीची मशीन साधारण ८५ सेंमी, म्हणजे साडेतेहतीस इंच उंच असते. तुमच्या ३२ इंचांतून ग्रॅनाइट आणि कडप्पा मिळून दोनेक इंच वजा करा, हातात राहतात ३०. बऱ्याच मॉडेलांचं वरचं झाकण काढता येतं, मग उंची ८२ सेंमीच्या आसपास येते, तरीही कमीच. विकत घेण्याआधी माहितीपुस्तिकेत 'झाकण काढून उंची' बघा, सगळ्यांना ती सोय नसते.

ओटा नवाच करत असाल तर वरचा पृष्ठभाग ३५ इंचांवर घ्या आणि खाली ८३ सेंमी मोकळे ठेवा. ट्रॉल्यांखाली ३-४ इंची बांधीव कट्टा असतो, तो मशीनच्या जागेपुरता फोडून फरशी सलग करा. फरशीचा उतार मोरीकडे असेल तर पाय फिरवून मशीन पाणसळीत आणा, नाहीतर दार नीट लागत नाही.

एक धोका सुतार सांगत नाहीत. दोन ट्रॉल्यांमधला उभा कडप्पा काढला की वरच्या दगडाचा आधार जातो आणि तो सिंकच्या कापापाशी तडकतो, कारण तिथे दगडाची पट्टी सगळ्यात अरुंद. आधी लोखंडी अँगल द्या, मग कडप्पा काढा.

नळजोडणी:
उंचीपेक्षा मला तुमच्या टाकीची काळजी वाटते. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे १ बार, आणि बहुतेक मशीनना किमान ०.५ बार तरी लागतो. टाकी नळापासून ३ मीटरच वर असेल तर ०.३ बार मिळतो. मशीन वेळेत भरत नाही आणि एरर दाखवून थांबते. लोक मशीनला दोष देत बसतात. सिंकखालचा नळ पूर्ण उघडून बादली लावा, मिनिटाला १० लिटर पडायला हवेत. कमी पडले तर छोटा प्रेशर पंप लागेल.

सांडपाण्याची नळी सरळ खाली सोडू नका, आधी ओट्याखाली उंच चढवून मग सिंकच्या बॉटल ट्रॅपला जोडा. नाहीतर सिंकमधलं खरकटं पाणी मशीनमध्ये उलटं येतं. प्लगसाठी १६ अँपियरचा अर्थिंगवाला वेगळा पॉइंट घ्या, पण मशीनच्या मागे नको, शेजारच्या कप्प्यात.

ओटेकर:
पंपाचं बघतो. बोअरच्या पाण्याचं काय? आरओवाल्याने टीडीएस ६०० सांगितला.

क्षारमापी:
टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून, कठीणपणा म्हणजे त्यातलं फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियम, भांड्यांवर पांढरे डाग पाडणारं. कठीणपणाची पट्टी मिळते, तिने तपासा. मशीन पाणी मऊ करून घेते, त्याची सेटिंग बहुधा कठीणपणाच्या जर्मन अंशांत असते, १ अंश म्हणजे सुमारे १८ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). म्हणजे ३६० पीपीएमला २० अंश. टँकर सुरू झाला की पुन्हा तपासा.

पाणी मऊ करायला मशीनला मीठ लागतं. ते डिशवॉशरचं जाडंच घ्या, जेवणातलं बारीक मीठ आत घट्ट बसतं. पहिल्यांदा मिठाच्या टाकीत पाणी भरून मग मीठ घाला, त्यानंतर फक्त मीठ. सांडलेलं मीठ पुसा आणि लगेच मशीन चालवा. खारं पाणी तसंच राहिलं तर आतलं स्टील गंजतं.

अॅल्युमिनियमचा कुकर आणि हिंडालियमची कढई आत घालायची नाही, मशीनच्या साबणातल्या अल्कलीने काळी पडतात. तांबं-पितळ, बिडाचा तवा, लाकडी पोळपाट-लाटणं हेही बाहेरच. ताटं, वाट्या, पेले, स्टीलची पातेली खुशाल लावा. फक्त वाट्या पालथ्या आणि तिरक्या ठेवा, एकात एक अडकल्या तर आमटी तशीच राहते. कुकर बऱ्याच घरांत रोजचा असतो, तेव्हा मशीन आली तरी हाताने घासायचं थोडं उरतंच. स्टीलचा कुकर असेल तर शिटी आणि रबर काढून तो लावता येतो.