कॅस्पियनखाली 20 किमी गाळ आहे हे भूकंपावरून कसं कळतं?

बाकूकर: नमस्कार मंडळी. मी बाकूला ड्रिलिंगमध्ये आहे, पण मेकॅनिकलवाला, जिऑलॉजीचा गंध नाही. इथले जिऑलॉजिस्ट जेवताना सांगत होते की दक्षिण कॅस्पियनखाली जवळपास 20 किमी गाळ साचलाय आणि त्याखालचं कवच खंडासारखं नाही, महासागरासारखं पातळ आहे. आता आमच्या विहिरी जातात सहा-सात किमी, जमिनीवर साटलीला (अझरबैजानमध्येच) सोव्हिएत लोकांनी 8,324 मीटरचं भोक पाडलं तेही निम्म्यापर्यंत नाही, मग खाली बघितलं कुणी? म्हणे भूकंपाच्या लहरींवरून कळतं. अहो पण भूकंप एका किनाऱ्याला, मशीन दुसऱ्या किनाऱ्याला, मधलं कसं समजणार? एअरगन (पाण्यात दाबाची हवा सोडून लहरी उठवणारं यंत्र) मारून का नाही बघत?

खडकफोड्या: एअरगन मारतात, सोव्हिएत काळात स्फोटसुद्धा केलेत. पण इतक्या जाड गाळातून खाली जाऊन परत येईपर्यंत सिग्नलमध्ये दम उरत नाही. भूकंपाची ताकद कितीतरी जास्त, आणि फुकट. मुख्य गंमत एलजी लहरींची आहे (टीव्हीवाली नव्हे). खंडाच्या जाड कवचात पृष्ठभाग आणि मोहो (कवचाचा तळ, त्याखाली मॅंटल सुरू होतो) यांच्यामध्ये आपटत आपटत जातात त्या लहरी, वेग साधारण 3.5 किमी प्रति सेकंद. म्हणजे 700 किमीवरच्या स्टेशनला पहिली पी लहर (सगळ्यात वेगवान, दाबाची लहर) दीडेक मिनिटात येते आणि एलजी 200 सेकंदांच्या आसपास, आणि खंडावर बहुतेक वेळा रेकॉर्डमधला सगळ्यात मोठा धिंगाणा तोच असतो. आता हाच रस्ता दक्षिण कॅस्पियनवरून गेला की एलजी गायब! पाटाचं पाणी उथळ जागी पसरून मुरतं तसं. प्रेस आणि यूइंग या भूकंपशास्त्रज्ञांनी 1952 सालीच दाखवलं होतं की मधे 100 किमीभर जरी महासागरी कवच आलं तरी एलजी मरते. काळ्या समुद्रावरूनही जात नाही.

रिश्टरवाला: खडकफोड्या, इथे जरा थांबा. एलजी गायब म्हणजे महासागरी कवच, असं सरळ म्हणता येत नाही. नॉर्थ सीमध्ये मधल्या खचदऱ्यांवरून जातानाही एलजी मार खाते, आणि तिथलं कवच खंडाचंच आहे, फक्त ताणून पातळ झालेलं. शिवाय जाड गाळ स्वतःच लहरी पिऊन टाकतो. त्यामुळे एलजी एवढंच सांगते की मधे काहीतरी वेगळं आहे, काय आहे ते नाही.

बाकूकर: मग 20 किमी हा आकडा आला कुठून?

रिश्टरवाला: गाळाची जाडी बरीचशी तेलवाल्यांच्या आणि स्फोटांच्या सर्व्हेतूनच, म्हणजे तुमचीच जमात :) भूकंपाचा उपयोग त्याच्या खालचं बघायला जास्त. पृष्ठलहरी (जमिनीच्या पृष्ठभागालगत धावणाऱ्या) घ्या, कमी पिरियडच्या (एका हेलकाव्याला कमी वेळ घेणाऱ्या) लहरींना वरचा मऊ गाळ जाणवतो म्हणून त्या रेंगाळतात, जास्त पिरियडच्या खोलवर मॅंटलपर्यंत चाचपतात म्हणून लवकर पोचतात, आणि कुठल्या पिरियडला किती उशीर झाला त्यावरून थरांचं मॉडेल बसवायचं. दुसरं म्हणजे किनाऱ्यावरच्या स्टेशनला लांबच्या भूकंपाची पी लहर खालून येते, मोहोवर तिचा थोडा भाग एस (आडवी हलणारी, हळू लहर) होतो आणि मागे पडतो, त्या अंतरावरून मोहोची खोली निघते. पण ती स्टेशनच्या आसपासचीच, भर समुद्रातली नाही. सगळं जुळवून मध्यभागी मोहो साधारण 30 किमीवर येतो, म्हणजे गाळ वजा केला की खडकाचं कवच उरतं जेमतेम 8-10 किमी. आणि हो, एकाच डेटाला दोन-तीन मॉडेलं बसतात, त्यामुळे कुणी दशांशात खोली सांगितली तर हसून सोडून द्या.

खडकफोड्या: मान्य. पण अजून एक पुरावा आहे, माझ्या मते तोच सगळ्यात भारी. बाकूपासून तुर्कमेनिस्तानकडे जो अबशेरोन उंचवटा पाण्याखालून जातो ना, त्याच्याखाली 80 किमीपर्यंत खोल भूकंप होतात. साध्या खंडाखाली एवढ्या खोल सहसा होत नाहीत. म्हणून बरेच जण म्हणतात की दक्षिण कॅस्पियनचा तळ उत्तरेकडे मध्य कॅस्पियनखाली सरकायला लागलाय. तुमच्या बाकूला 25 नोव्हेंबर 2000 ला हादरा बसला होता, विचारा ऑफिसातल्या जुन्या लोकांना.

कोकणचो माणूस: वाचतोय, मस्त धागा. आपल्या अरबी समुद्राचं काय हो? कार्ल्सबर्ग रिजवर (समुद्रतळावरची डोंगररांग) भूकंप होतच असतात, त्यांच्या लहरी पुण्यापर्यंत येतात ना?

रिश्टरवाला: येतात की, पण एलजी नाही, मधे अस्सल महासागरी कवच आहे. पृष्ठलहरी मात्र छान येतात. खरी भांडणं मुंबईच्या पश्चिमेला लक्ष्मी रिजवर आहेत, ती खंडाची तुटलेली पट्टी की आणखी काही, पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे बाकूकरांची जेवणाची सुट्टी संपेल.